एक हात दांड्यावर, दुसरा कुठे?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांचीच घाई असते. पाऊस दाराशी आलेला असतो. किहीम, आवास, सासवणे, थळ, कुठेही जा, कोणी छप्पर शाकारतोय, कोणी होडी वाळूवर ओढतोय, कोणी होडीचं इंजिन उतरवतोय, तर कोणी वाडीतल्या बोअरचा पंप दुरुस्तीसाठी वर काढतोय. या सगळ्या कामांत एक वस्तू या घरातून त्या घरात फिरत असते. ती म्हणजे हाताने चालवायची साखळीची कप्पी. कोणी तिला चेन पुली म्हणतं, कोणी चेन ब्लॉक. दांडा मागे-पुढे करून चालवायचा छोटा प्रकार असतो, तो लिव्हर ब्लॉक. पिशवीत मावतो, वीज लागत नाही, एकट्या माणसाला चालवता येतो. म्हणूनच तो लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल लिहायची वेळ माझ्यासारख्या फिजिशियनवर आली आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी अपघात विभागात असताना किहीमच्या बाजूचे एक वाडीवाले काका आले. वय साठीच्या पुढे. डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल रक्ताने भिजलेला. मागोमाग पुतण्या, त्याच्या हातात मासळीच्या बर्फाचा डबा. काका वेदनेपेक्षा काळजीने कळवळत होते. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "डॉक्टर, बोट राहील ना?"

तर्जनीचं टोक तुटून वेगळं झालं होतं, मधलं बोट चेंगरलं होतं. तुटलेला भाग पुतण्याने आठवणीने उचलून आणला होता. आमच्याकडे मासळीमुळे बर्फाला तोटा नाही, म्हणून त्याने तो थेट बर्फात पुरला होता. त्याने केलं ते प्रेमापोटीच, पण बर्फाला चिकटून पेशी गोठल्या होत्या. गोठलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. आमच्या सर्जननी जखम नीट बंद केली, मधलं बोट वाचवलं. तर्जनीचं टोक मात्र गेलं.

नंतर काकांनी काय घडलं ते सांगितलं. बोअरच्या तळाशी गाळ साचून पंप अडकला होता. लिव्हर ब्लॉक शेजाऱ्याचा, मागून आणलेला. दांडा जड जाऊ लागला म्हणून त्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला. हुक क्लॅम्पमध्ये पुरता बसला नव्हता, टोकावरच अडकला होता. पाइप चढवल्यावर पंप एकदम सुटला, हिसका बसला, हुक निसटला आणि क्लॅम्प बोअरच्या केसिंगवर आदळला. मधे काकांची दोन बोटं होती. उजवा हात दांड्यावर होता. डावा हात पाइप हलू नये म्हणून धरून ठेवत होता.

हे वाक्य मी त्यानंतरही अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. असा अपघात झालेल्या माणसाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की दुसरा हात कुठे होता?

हाताची फसगत

उचलण्याचं जड काम कप्पी हलकं करते, पण फुकट काही देत नाही. हजार किलोचं ओझं तीस किलोच्या जोराने उचलायचं असेल, तर ओझं एक मीटर वर जाईपर्यंत आपला हात किमान तेहतीस मीटर हलावा लागतो. घर्षण धरलं तर त्याहूनही जास्त. जोर कमी, अंतर जास्त, हा सौदा आतली दातेरी चाकं करून देतात.

या सौद्यात हाताची फसगत होते. आपण बादली उचलतो तेव्हा हाताला तिचं वजन कळतं, म्हणून आपण पाय मागे घेतो, बोटं सांभाळतो. लिव्हर ब्लॉकवर हाताला जाणवतात फक्त वीस-तीस किलो. मेंदूही तेवढ्याच ओझ्याची सावधगिरी बाळगतो. समोर लटकतं आहे त्याच्या कितीतरी पट. दांड्यावरचा हात सुरक्षित असतो. त्याच्याकडून मिळालेल्या खोट्या माहितीवर विसंबून दुसरा हात साखळी, हुक आणि ओझं यांच्या मधे जातो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. दांडा सोडला तरी ओझं खाली येत नाही, याचं सर्वांना कौतुक वाटतं. आत घर्षणाच्या चकत्या असतात आणि ओझ्याच्याच ओढीने त्या एका आट्यावर घट्ट दाबल्या जातात. ओझं जितकं जास्त तितकी पकड घट्ट. एका दातेरी चाकात खिटी अडकते आणि चाक उलटं फिरू देत नाही. वर घेताना जो टकटक आवाज येतो तो या रचनेचाच. तो आवाज आला नाही तर काम तिथेच थांबवायचं.

या रचनेला एक बाजू आहे. चकत्या दाबायला ओढ लागते. साखळी सैल असेल किंवा ओझं अगदीच हलकं असेल, तर ब्रेक नीट बसलाच नाही असं होऊ शकतं. म्हणून साखळी हाताने मोकळी सरकवण्यासाठी जी मधली स्थिती असते, ती फक्त हुक रिकामा असतानाच वापरायची. ओझं लटकत असताना कळ मधे आणू नका.

टांगण्याआधी

पहिला प्रश्न वजनाचा. लोक म्हणतात, "छोटासाच पंप आहे." हिशेब करून बघू. सव्वा इंची जीआय पाइप मीटरला साधारण तीन किलो भरतो. शंभर फूट, म्हणजे तीस मीटर पाइप झाले सुमारे नव्वद किलो. झडप पाणी धरून ठेवत असेल तर पाइपमध्ये मीटरला लिटरभर पाणी, म्हणजे आणखी तीस किलो. वर पंप आणि मोटर. छोटासा पंप दीडशे किलोच्या आसपास गेला. आणि तो गाळात रुतला असेल तर ओढ किती लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. ओल्या वाळूत बसलेल्या होडीचंही तसंच. तिथे तुम्ही होडीच्या वजनाशी लढत नसता, वाळूच्या चिकटण्याशी लढत असता. रुतलेली वस्तू आधी मोकळी करा. गाळ हलवा, वाळू उपसा, भरतीच्या पाण्याची वाट पाहा. मग ओढा.

दुसरा प्रश्न, कप्पी टांगली कशाला? माडाची झुकलेली खोडं, वाळवी लागलेले वासे, गंजलेल्या पाइपांची तिपाई, हे सगळं मी रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे. वरच्या आधाराने ओझं पेलायचंच असतं, शिवाय ओढणाऱ्याचा जोर आणि हिसकेही सोसायचे असतात. तिपाईचे पाय घट्ट जमिनीवर हवेत आणि ते फाकू नयेत म्हणून खाली एकमेकांना बांधलेले हवेत. कप्पी ओझ्याच्या बरोबर वर हवी. तिरकं उचललं तर ओझं जमीन सोडताक्षणी झोका घेतं, आणि माणूस तो झोका थांबवायला पुढे होतो.

तिसरा प्रश्न बांधणीचा. कप्पीची स्वतःची साखळी ओझ्याभोवती गुंडाळून तिच्यातच हुक अडकवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. साखळीच्या कड्या सरळ ओढीसाठी घडवलेल्या असतात, कोपऱ्यावर वाकण्यासाठी नाहीत. ओझ्याला वेगळा पट्टा किंवा वेगळी साखळी बांधा. दोन बाजूंनी पट्टे घेत असाल तर त्यांच्यातला कोन लहान ठेवा. पट्टे पसरून मधला कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येक पट्ट्यावर निम्मं नाही, पूर्ण ओझं येतं. हे गणित अनेक अनुभवी कारागिरांनाही चकवतं.

चौथा प्रश्न हुकाचा. ओझं हुकाच्या खोलगट भागात बसलं पाहिजे, टोकावर नाही. तोंडावरची स्प्रिंगची पट्टी पूर्ण बंद झाली पाहिजे. ती तुटलेली असेल किंवा हुकाचं तोंड फाकलेलं दिसत असेल, तर ती कप्पी बाजूला ठेवा. फाकलेला हुक सांगतो की तिच्यावर कधीतरी झेपेल त्याहून जास्त ओझं पडलं आहे. हातोड्याने ठोकून तो सरळ करू नये.

टकटक चालू असताना

ओझं जमिनीपासून चार बोटं उचला आणि थांबा. दांडा सोडा. ओझं जागेवर राहतं का, आधार करकरतोय का, पट्टा सरकतोय का, साखळीला पीळ पडलाय का, हे दूर उभं राहून पाहा. ही चाचणी एका मिनिटाची आहे. बिघाड असेल तर ओझं चार बोटांवरूनच खाली येईल. डोक्याइतक्या उंचीवरून पडण्यापेक्षा ते बरं.

दांड्यावर पाइप चढवू नये, हा नियम मी सर्वांत वर ठेवतो. दांड्याची लांबी ठरवताना एका माणसाच्या हाताचा जोर धरलेला असतो. ठरलेलं ओझं असेल तर एका माणसाला दांडा ओढता आलाच पाहिजे. येत नसेल, तर ओझं जास्त आहे, काहीतरी अडकलंय किंवा कप्पी बिघडली आहे. जड झालेला दांडा तुम्हाला या तीनपैकी एक गोष्ट सांगत असतो. पाइप चढवणं किंवा दुसऱ्या माणसाने हात लावणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. शिवाय ताणाखालचा दांडा हातून सुटला तर उलट फिरून जबड्यावर, दातांवर किंवा डोळ्यावर बसतो. म्हणून दांड्याच्या रेषेत चेहरा ठेवू नका.

"साखळी चौपट ताकदीची असते, थोडं जास्त चालतं," असंही ऐकायला मिळतं. मर्यादा आणि तुटण्याची ताकद यांत साधारण चौपट अंतर ठेवलेलं असतं हे खरं. पण ते तुमच्या सोयीसाठी ठेवलेलं नाही, हिसक्यांसाठी ठेवलेलं आहे. जागच्या जागी एकदम ओझं पडलं तरी साखळीवर दुप्पट ताण येतो. थोडं खाली घसरून मग अडलं तर ताण त्याहूनही वाढतो.

आणि दुसरा हात? ओझं हलू नये म्हणून धरायचंच असेल तर त्याला दोरी बांधा आणि दोन पावलं लांबून दोरी धरा. हाताने फक्त दोरी धरायची, ओझं नाही. बोटांतल्या अंगठ्या, मनगटातले गंडे-दोरे, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा. सूचना एकानेच द्यायच्या. "घे, घे" आणि "थांब, थांब" एकाच वेळी ओरडणारे चौघे असतील तर काम सुरू करू नका. लटकत्या ओझ्याखाली कोणी जायचं नाही, मूल तर नाहीच. आणि या हुकाला बसवून माणसाला विहिरीत उतरवायचं नाही. कप्पी त्यासाठी बनलेली नाही, आणि जुन्या विहिरीच्या तळाशी श्वास घेण्याजोगी हवा असेलच असं नाही.

उतरवताना घाई जास्त होते, कारण काम संपत आलेलं असतं. उतरवणंही दांड्यानेच, एकेक टप्प्याने करायचं. साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत जायचं नाही. ती कडी ओझं पेलण्यासाठी नसते.

फिजिशियन म्हणून एक भर घालतो. दांडा ओढताना माणूस श्वास रोखून धरतो. त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने वाढतो. साठीच्या पुढचे, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेले यांनी हे काम तरुणाच्या हाती द्यावं. मेच्या उन्हात, तहानलेल्या अवस्थेत हाताची पकड आणि लक्ष दोन्ही ढिलं होतं. आणि थोडी घेऊन या कामाला कोणी उभं राहू नये, हे सांगायची गरज नसावी, पण रुग्णांना पाहून सांगावंसं वाटतं.

खारी हवा आणि तेलाचा डबा

किनाऱ्यावरची हवा लोखंड खाते. वर्षभर पडवीत टांगलेली कप्पी मे महिन्यात उतरवून थेट वापरायची नसते. साखळी पुसा, एकेक कडी फिरवून पाहा. कड्या एकमेकींना जिथे घासतात तिथे त्या झिजतात. कडीची जाडी मूळच्या मानाने दहा टक्के कमी झाली की साखळी बाद समजायची. ताणलेली, वाकलेली, तडा गेलेली एक कडीसुद्धा पुरेशी आहे. तुटकी साखळी तारेने किंवा नटबोल्टने जोडू नका.

साखळीला तेल हवं. ब्रेकला मात्र तेल चालत नाही. आपल्याकडे गंजलेलं काहीही दिसलं की तेल ओतायची सवय आहे. पण कप्पीचा ब्रेक घर्षणावर चालतो. बाहेरून ओतलेलं तेल आतल्या चकत्यांवर गेलं तर ज्या घर्षणावर ओझं तोललं आहे, तेच नाहीसं होतं. कप्पी उघडून दुरुस्त करणं हे जाणकाराचं काम आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने अशा उपकरणांची वर्षातून किमान एकदा जाणकार व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओझं उचलायला मनाई केली. हे कारखान्यांपुरतं. किहीमच्या वाडीत किंवा थळच्या वाळूवर तपासणीसाला कोणी पाठवत नाही. इथे मालक, मजूर आणि तपासनीस, सगळं आपणच. कप्पी शेजाऱ्याची असेल तर ती तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरही येते.

अपघात झालाच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. बोटाला दोरा आवळू नका. हळद, चहापूड, टूथपेस्ट लावू नका. जखमी हातातल्या अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. बोट थोड्याशा कातड्यावर लोंबत असेल तर ते तोडू नका, जागेवर ठेवून हलकेच बांधा.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ पाण्याने धुवा. ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवा. बर्फ पिशवीच्या बाहेर राहिला पाहिजे, बोटाला लागता कामा नये. बोट थेट पाण्यातही ठेवू नका. अशा पद्धतीने थंड ठेवलेलं बोट जास्त काळ जोडण्याजोगं राहतं. तरीही घड्याळ चालूच असतं. १०८ ला फोन करा. बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयांतच होते, त्यामुळे आधी जवळच्या रुग्णालयात रक्त थांबवून, तिथूनच वडखळमार्गे की मांडव्याच्या रो-रोने मुंबई गाठायची ते ठरवा. वाटेत रुग्णाला काही खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, या तीन गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगा.

जखम न दिसणारी दुखापत कधीकधी जास्त घातक असते. पाय ओझ्याखाली दबला, कातडी फाटली नाही, पण काही तासांत वेदना वाढतच चालली, बोटं ताणली की असह्य कळ येते, पाय बधिर वाटतो, तर स्नायूंच्या आतला दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडत असतो. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

आणि कोणी बराच वेळ ओझ्याखाली अडकला असेल, तर ओझं लवकरात लवकर काढाच, पण १०८ ला फोन आधी करा आणि तो किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत, बोलते-चालते काढलेले लोक काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत होते. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचं वर्णन केलं. चेंगरलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि एक रंगद्रव्य रक्तात उतरतं. पहिलं हृदयाची लय बिघडवतं, दुसरं मूत्रपिंडं बंद पाडतं. लघवी चहासारखी काळसर होणं ही धोक्याची खूण आहे. वेळेवर शिरेतून भरपूर सलाइन मिळालं तर मूत्रपिंडं वाचवता येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्याकडे पडलेली झाडं आठवा. खोडं हलवायला कप्प्या लागतात तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

काका आठवडाभराने टाके दाखवायला आले. पोफळीच्या वाडीत सुपारी सोलायला, गाठ मारायला, दोरी धरायला तर्जनीचं टोक किती लागतं, हे त्यांनी मला करून दाखवलं. मग म्हणाले, "शेजाऱ्याची कप्पी परत केली. हुक फाकलेला आहे, वापरू नकोस म्हणून सांगितलं." शेजाऱ्याने ती भंगारात दिली की नाही, मला माहीत नाही. पण या आठवड्यात तुमच्या दारात कोणी कप्पी मागायला आलं, तर देण्याआधी हुक पाहा, साखळी पाहा, आणि त्याला एवढंच विचारा, एक हात दांड्यावर असेल, दुसरा कुठे ठेवणार आहेस?